एलईडी मॅट्रिक्स पॅनल बिघडलं की: आधी मीटर, मग रिबन, सेटिंग शेवटी

गणपती जवळ आले की सांगली-मिरजेतल्या मंडळांचे फोन सुरू होतात आणि हळदीचा हंगाम आला की मार्केट यार्डातल्या दुकानांचे. फलक लागत नाही, अर्धाच लागतो, लालच्या जागी हिरवं दिसतं, पट्टे पडतात. पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "सगळी सेटिंग बदलून बघितली." पॅनलच्या पाठीमागे मीटर लावून किती व्होल्ट येतात ते बघितलेला माणूस मात्र क्वचित भेटतो. त्यामुळे तासन् तास प्रोग्राममध्ये जातात आणि शेवटी एक ढिला स्क्रू सापडतो.

हा लेख रास्पबेरी पाय ३ किंवा ४ (छोटा एका पाटीवरचा संगणक, पुढे नुसतं 'बोर्ड') वर चालणाऱ्या हब-७५ जातीच्या, म्हणजे त्या नावाच्या १६ पिनांच्या जोडणीच्या, रंगीत पॅनलसाठी आहे. सोबत हेनर झेलर यांची पॅनल चालवणारी मुक्त लायब्ररी (तयार प्रोग्रामचा संच) धरली आहे, कारण बहुतेक लोक तीच वापरतात. उदाहरणासाठी एकच फलक डोळ्यासमोर ठेवू: पी-५ जातीची (दोन ठिपक्यांत ५ मिलिमीटर अंतर), ६४ × ३२ ठिपक्यांची चार पॅनल एका रांगेत. प्रत्येक पॅनल ३२० × १६० मिलिमीटरचं, म्हणजे फलकाची लांबी १२८० मिलिमीटर. एरवी त्यावर हळद-बेदाण्याचे दर, आणि पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी.

सुरुवात करण्याआधी एक वही आणि पेन घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदलली की लिहायची, फरक पडला नाही तर ती पूर्ववत करायची. हे पाळणार नसाल तर पुढचे टप्पे उपयोगी पडणार नाहीत.

## टप्पा १: हातातलं पॅनल नक्की कुठलं आहे ते ओळखा

दुकानांवर धावणारी लाल अक्षरं असलेली एकरंगी पी-१० पॅनल हब-१२ जातीची असतात. तुमच्या रंगीत पॅनलला हब-७५ लागतं. घोटाळा असा की दोन्हीचा सॉकेट १६ पिनांचाच असतो आणि रिबनही (सिग्नल नेणारी चपटी वायर) तीच बसते. आतली पिनांची मांडणी मात्र वेगळी. जुन्या फलकातून काढलेलं लाल पॅनल हब-७५ च्या जोडणीवर लावून "पॅनल मेलंय" असं म्हणणारे मी बरेच पाहिले.

पॅनल उलटं करा आणि तीन गोष्टी टिपा.

पहिली, सॉकेटजवळची छापील अक्षरं. आर-१, जी-१, बी-१, आर-२, जी-२, बी-२ अशी सहा नावं दिसली तर ते हब-७५.

दुसरी, पाठीवरचा क्रमांक. त्यात बहुधा '१६ एस' किंवा '८ एस' असं लिहिलेलं असतं. हे स्कॅन. ३२ ओळींचं घरातलं पॅनल साधारणपणे १६ स्कॅनचं असतं, म्हणजे एका क्षणी वरच्या अर्ध्यातली एक आणि खालच्या अर्ध्यातली एक अशा दोनच ओळी पेटतात. बाहेर लावायची पॅनल बऱ्याचदा ८ किंवा ४ स्कॅनची येतात, त्यांना टप्पा ७ मधलं एक जास्तीचं सेटिंग लागतं.

तिसरी, आडव्या रांगेतल्या मोठ्या चिपांवरचा नंबर. तो एफएम-६१२६-ए असेल तर ठळक लिहून ठेवा. या चिपांना सुरुवातीला एक खास आज्ञा द्यावी लागते, ती न मिळाल्यास पॅनल पूर्ण काळं राहतं.

सावधान: रास्पबेरी पाय ५ वर पिना मुख्य प्रोसेसरमधून न येता आरपी-१ नावाच्या वेगळ्या चिपमधून येतात. ३ किंवा ४ साठी लिहिलेली सेटिंग तिथे जशीच्या तशी चालतील असं धरू नका. नवीन बोर्ड घ्यायचा असेल आणि काम घाईचं असेल तर ४ घ्या.

## टप्पा २: सामान जवळ घेऊन बसा

मल्टिमीटर, बारीक आणि जाड स्क्रू ड्रायव्हर, नक्की चांगली असल्याची खात्री असलेली एक रिबन, एक जादा पॅनल, वायरवर दाबायचे लग, मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. जादा पॅनल हा खर्च वाटतो, पण ते विकत घेतानाच घ्या. पुढे त्याच मापाचं, त्याच चिपांचं पॅनल मिळेल याचा भरवसा नसतो. शिवाय तपासणीत तुलना करायला चांगलं पॅनल हाताशी नसेल तर सगळा अंदाजाचा खेळ होतो.

मार्केट यार्डातल्या फलकावर हळदीची बारीक भुकटी बसते आणि जून-जुलैच्या दमट हवेत तिचा चिकट थर होतो. तपासणीआधी वीज बंद करून सॉकेट ब्रशने आणि अल्कोहोलने साफ करा, सुकू द्या. कधी कधी एवढ्यानेच काम होतं.

## टप्पा ३: वीज, आणि तीही पॅनलपाशी मोजलेली

इथे वेळ द्या. "अधूनमधून" होणारे बहुतेक बिघाड इथलेच असतात.

सावधान: एसएमपीएसच्या (घरच्या विजेचे ५ व्होल्ट करणाऱ्या पेटीच्या) एल आणि एन टर्मिनलवर २३० व्होल्ट असतात. झाकणाशिवाय चालू ठेवू नका, अर्थिंगची वायर मोकळी सोडू नका. काही एसएमपीएसच्या बाजूला ११५/२३० असा सरकता बटण असतो. तो २३० वर आहे हे पहिल्यांदा वीज देण्याआधी बघा.

३.१ हिशोब. ६४ × ३२ चं पॅनल पूर्ण पांढरं पेटवलं तर साधारण ४ अँपियरपर्यंत घेतं असं धरून चाला. चार पॅनलना १६ अँपियर. बोर्ड त्याच एसएमपीएसवर असेल तर त्याचे ३. म्हणजे १९, आणि वर थोडी मोकळीक. ५ व्होल्ट ३० अँपियरचा एसएमपीएस इथे पुरेसा, ४० चा घेतला तर तो गारही राहतो. नुसती लाल अक्षरं दाखवताना याच्या कितीतरी कमी वीज लागते. म्हणूनच फलक दुकानात नीट चालतो आणि कुणी पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो टाकला की कोसळतो.

३.२ वायर. लोक एसएमपीएस मोठा घेतात आणि वायर बारीक लावतात. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण १३ मिलिओहम. एसएमपीएस २ मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन ४ मीटर वायर झाली. एकाच जोडीतून १६ अँपियर नेले तर वायरमध्येच ०.८३ व्होल्ट गेले, पॅनलला उरले जेमतेम ४.१७. तीच वायर ठेवून प्रत्येक पॅनलला वेगळी जोडी नेली तर प्रत्येकीतून ४ अँपियर आणि नुकसान फक्त ०.२१ व्होल्ट. म्हणून एका पॅनलवरून दुसऱ्यावर अशी विजेची साखळी करू नका. एसएमपीएसपासून प्रत्येक पॅनलला स्वतंत्र लाल-काळी जोडी न्या.

३.३ मोजणी. फलक पूर्ण पांढरा करा. मीटरची टोकं सर्वांत लांबच्या पॅनलच्या विजेच्या टर्मिनलवर टेकवा. ४.७ च्या खाली असेल तर पुढच्या टप्प्याला जाऊ नका. आधी लग, स्क्रू, वायर बघा. मगच एसएमपीएसवरचा व्ही-एडीजे स्क्रू हळूच फिरवा, आणि फिरवताना पांढरा पडदा बंद केल्यावरही सगळ्यांत जवळच्या पॅनलवर ५.२ च्या वर जात नाही ना ते पाहा.

मीटर नसताना डोळ्यांनाही एक खूण कळते. निळ्या आणि हिरव्या एलईडीला पेटायला साधारण ३ व्होल्ट लागतात, लालला २ च्या आसपास. वीज कमी पडली की आधी निळा आणि हिरवा मंदावतो. फलकाच्या एका टोकाला पांढरा रंग स्वच्छ आणि दुसऱ्या टोकाला तांबूस दिसत असेल, तर वायर बारीक आहे हे मीटर न लावताही ओळखता येतं.

३.४ बोर्डची वीज. रास्पबेरी पायवर 'व्हीसीजेनसीएमडी गेट थ्रॉटल्ड' ही आज्ञा चालवा. उत्तर शून्य आलं तर ठीक. 'शून्य-एक्स-५०००५' आलं तर आत्ता या क्षणी वीज कमी आहे, आणि 'शून्य-एक्स-५००००' आलं तर चालू केल्यापासून कधीतरी कमी पडली होती. दुसरं उत्तर लोक दुर्लक्षित करतात. संध्याकाळी फलक आपोआप रीस्टार्ट होतो, त्याचं कारण याच आकड्यात असतं.

तपासा: पूर्ण पांढऱ्या पडद्यावर अर्धा तास ठेवून प्रत्येक लग आणि टर्मिनल, वीज बंद करून, बोटाने बघा. जो गरम लागेल तो पुन्हा दाबून बसवा.

## टप्पा ४: ग्राउंड एक करा, सिग्नल पुरेसा उंच करा

बोर्डला वेगळा चार्जर आणि पॅनलला वेगळा एसएमपीएस असेल तर दोघांचं ग्राउंड जोडलेलं असलंच पाहिजे. वीज बंद ठेवून मीटर कंटिन्युइटीवर लावा. एक टोक बोर्डच्या ग्राउंड पिनवर, दुसरं पॅनलच्या काळ्या वायरवर. बीप आलाच पाहिजे. रिबनमधल्या ग्राउंडच्या दोन-तीन तारांपैकी एकच जोडून बाकी सोडणं ही नेहमीची काटकसर. अशा फलकावर नुसते ठिपके थरथरतात.

आता व्होल्टेजची गोष्ट. रास्पबेरी पायचा सिग्नल ३.३ व्होल्टचा. पॅनलच्या तोंडाशी बहुधा ७४-एचसी-२४५ चिप असते आणि तिला ५ व्होल्टवर चालताना 'वर' समजायला साधारण ३.५ व्होल्ट लागतात. म्हणजे आपण काठावर आहोत. म्हणूनच एक पॅनल थेट जोडून चालतं आणि त्याच दुकानातलं दुसरं चालत नाही. उपाय: मध्ये ७४-एचसीटी-२४५ लावायची. तिला २ व्होल्टला 'वर' कळतं आणि ती पुढे पूर्ण ५ व्होल्ट देते. ३२ ओळींच्या पॅनलला १३ सिग्नल लागतात आणि एका चिपमध्ये ८ मार्ग असतात, म्हणून दोन चिपा.

सावधान: नावातला 'टी' बघून घ्या. काउंटरवर एचसीटी मागितली तरी बऱ्याचदा एचसी हातात येते, आणि तिने काहीच फरक पडत नाही. चिपची दिशा ठरवणारी पिन १ आणि चालू-बंद करणारी पिन १९ मोकळ्या सोडू नका. पिन १९ ग्राउंडला, पिन १ तुमच्या दिशेप्रमाणे ५ व्होल्टला किंवा ग्राउंडला. आणि ५ व्होल्टची कुठलीही तार बोर्डच्या सिग्नल पिनेला लागू देऊ नका. त्या पिना ३.३ च्या आहेत, एका चुकीत बोर्ड जातो.

चालू-बंद करायचा क्रमही इथेच ठरवा. आधी पॅनलला वीज, मग प्रोग्राम. बंद करताना आधी प्रोग्राम, मग वीज. पॅनलची वीज बंद असताना बोर्ड सिग्नल देत राहिला तर सिग्नलच्या पिनेतूनच पॅनल वीज ओढू पाहतं, कधी कधी अंधुक पेटतंही, आणि तोंडाची २४५ चिप दुखावते. चालू फलकाची रिबन काढणं-घालणंही याच कारणाने टाळा.

## टप्पा ५: साखळी तोडा, एकच पॅनल चालवा

चार पॅनल जोडून शोध घेऊ नका. चौघांतून एक ठेवा, जवळची चांगली रिबन घ्या, ती ३० सेंटिमीटरच्या आत असावी. रिबनची लाल कडा पिन १ कडे, म्हणजे आर-१ कडे. पॅनलवर बाण असतो. बाण जिथून सुरू होतो तो आत येण्याचा सॉकेट. बाहेर जाण्याच्या सॉकेटमध्ये रिबन घातली तर पॅनल गप्प बसतं, आणि ही चूक मी अनुभवी माणसांच्या हातून होताना पाहिली आहे, कारण पॅनल पालथं असताना डावं-उजवं बदलतं.

तारा हाताने जोडल्या असतील तर लायब्ररीच्या 'रेग्युलर' मांडणीतल्या पिना ताडून बघा. या बोर्डवरच्या ४० पिनांच्या जागा आहेत, जीपीआयओचे (प्रोसेसरने त्या पिनांना दिलेले) क्रमांक नाहीत:

आर-१: २३, जी-१: १३, बी-१: २६
आर-२: २४, जी-२: २१, बी-२: १९
ए: १५, बी: १६, सी: १८, डी: २२
क्लॉक: ११, लॅच: ७, ओई: १२
ई: १०, फक्त ६४ ओळींच्या पॅनलसाठी

सावधान: ३२ ओळींच्या पॅनलवर रिबनची ८ वी तार ग्राउंड असते. ६४ ओळींच्या पॅनलवर तीच ई असते. ३२ च्या पॅनलला ई जोडली तर बोर्डची पिन सरळ ग्राउंडला शॉर्ट होते.

तयार जोडणी-बोर्ड वापरत असाल तर पिना वेगळ्या असतात, तेव्हा सेटिंगमध्ये 'रेग्युलर' ऐवजी त्या बोर्डचं नाव द्या.

## टप्पा ६: चित्र वाचा

हा टप्पा मला सगळ्यांत प्रिय आहे, कारण पॅनल खोटं बोलत नाही. कुठे, किती रुंद आणि कुठल्या रंगात बिघाड आहे यावरून तार किंवा चिप जवळजवळ बोट ठेवून दाखवता येते. त्यासाठी सहा पडदे दाखवणारा छोटा प्रोग्राम करून ठेवा: पूर्ण लाल, पूर्ण हिरवा, पूर्ण निळा, पूर्ण पांढरा, वरून खाली सरकणारी एक आडवी ओळ, डावीकडून उजवीकडे सरकणारी एक उभी रेघ. मोबाइलवर प्रत्येकाचा फोटो काढा, नंतर तुलनेला लागतो.

पूर्ण काळं. वीज मोजली असेल तर ओई (पेटवणारी), लॅच (आलेली ओळ पक्की करणारी), क्लॉक (डेटाला ताल देणारी) या तीन तारा बघा. ओई ही उलट्या स्वभावाची तार आहे, ती खाली गेली की पॅनल पेटतं. ती कायम वर राहिली तर कितीही डेटा पाठवा, अंधारच. तीनही तारा ठीक असतील तर टप्पा १ मध्ये टिपलेला चिपचा नंबर आठवा.

एकच ओळ झगझगीत, बाकी अंधार. पॅनल ठीक आहे, प्रोग्राम मेला आहे. ओळी आळीपाळीने पेटायच्या, त्या एका ओळीवर अडकल्या. पॅनलची वीज ताबडतोब बंद करा, त्या ओळीतल्या एलईडींवर भार येतो.

वरच्या किंवा खालच्या अर्ध्यात एक रंग नाही. वरच्या अर्ध्यात लाल नाही तर आर-१, खालच्या अर्ध्यात निळा नाही तर बी-२. तार सरळ सापडते.

रंगांची अदलाबदल. एकाच अर्ध्यात असेल तर दोन तारा उलट लागल्यात. दोन्ही अर्ध्यांत सारखीच असेल तर त्या पॅनलचा रंगक्रमच वेगळा आहे, तेव्हा तारांना हात न लावता सेटिंगमध्ये 'एलईडी-आरजीबी-सीक्वेन्स' बदला.

आडवे काळे पट्टे, आणि पेटलेल्या ओळींत दोन चित्रं एकावर एक. ही पत्त्याच्या तारांची, म्हणजे कुठली ओळ पेटवायची ते सांगणाऱ्या ए ते ई या तारांची चूक. कुठली ते पट्टीच्या जाडीवरून कळतं. एक ओळ सोडून एक काळी असेल तर ए. दोन-दोन ओळींचे पट्टे असतील तर बी. चार-चार असतील तर सी. आठ-आठ असतील तर डी. ६४ ओळींच्या पॅनलवर सोळा-सोळा असतील तर ई. एवढं पाठ केलंत तरी या प्रकारचे फलक तुम्ही फोटो बघून सांगू शकाल.

सोळा ठिपके रुंदीची उभी पट्टी, एकाच रंगाची, एकाच अर्ध्यात. मागची एक चालक चिप. एका चिपला १६ मार्ग असतात म्हणून पट्टी बरोबर १६ ची. ती पट्टी आणि तिच्यापुढचं सगळंच गेलं असेल तर डेटा एका चिपकडून पुढच्या चिपकडे जाताना तुटला आहे. शेवटच्या चांगल्या चिपची बाहेर जाणारी पिन आणि पहिल्या बिघडलेल्या चिपची आत येणारी पिन भिंगातून बघा. सुटलेलं सोल्डर बऱ्याचदा दिसतं.

एकच आडवी ओळ गेली, किंवा ती आणि तिच्या बरोबर १६ ओळी खालची. ओळींना वीज देणाऱ्या छोट्या चिपांपैकी एक, अनेक पॅनलवर तिचा नंबर ४९५३ असतो. एकच ठिपका गेला तर तो एलईडी किंवा त्याचं सोल्डर. फलक रस्त्यावरून वाचायचा असेल तर एका ठिपक्यासाठी पॅनल उघडू नका.

ठिपके थरथरतात, अक्षरं आडवी सरकतात. क्लॉकच्या तारेत गोंगाट. ग्राउंड, रिबनची लांबी, एचसीटी चिप या क्रमाने बघा, त्यानंतरच टप्पा ७ मधला वेग कमी करा.

अक्षराच्या वर-खाली त्याची फिकट सावली. ओळ बदलताना मागची ओळ पूर्ण विझत नाही. 'एलईडी-पीडब्ल्यूएम-एलएसबी-नॅनोसेकंद्स' हे मूळ १३० वरून थोडं थोडं वाढवा. सावली कमी होते, पण पडद्याचा वेगही कमी होतो, म्हणून गरजेपुरतंच.

## टप्पा ७: आता सेटिंग

एका पॅनलसाठी 'एलईडी-रोज' ३२, 'एलईडी-कॉल्स' ६४, 'एलईडी-चेन' १. चार जोडल्यावर फक्त चेन ४ करायचं. कॉल्समध्ये २५६ लिहिणं ही चूक सतत दिसते. रोज आणि कॉल्स हे एका पॅनलचं माप आहे.

'एलईडी-स्लोडाउन-जीपीआयओ': रास्पबेरी पाय ३ ला १ पासून, ४ ला २ पासून सुरू करा आणि ४ पर्यंत एकेक वाढवा. जिथे थरथर थांबेल तिथे थांबा. बोर्ड पॅनलपेक्षा वेगवान असतो, त्याला थोडं सबुरीने बोलायला लावणं एवढंच हे सेटिंग करतं.

स्कॅन ८ किंवा ४ चं असेल आणि चित्र तुकड्या-तुकड्यांत विखुरलं असेल तर 'एलईडी-मल्टिप्लेक्सिंग' १ पासून एकेक वाढवून बघा. एफएम-६१२६-ए असेल तर 'एलईडी-पॅनल-टाइप' मध्ये त्या चिपचं नाव द्या.

बोर्डवरचा आवाजाचा भाग बंद करा. आवाज आणि ओई सिग्नल एकच हार्डवेअर वापरतात. कॉन्फिग फाइलमध्ये ऑडिओ 'ऑफ' करा आणि 'एसएनडी-बीसीएम-२८३५' हे मॉड्यूल काळ्या यादीत टाका. वन-वायरही (एका तारेवर सेन्सर जोडायची सोय) बंद ठेवा, त्याची नेहमीची पिन इथे लॅचला दिलेली आहे. डेस्कटॉप नसलेली लाइट आवृत्ती वापरा, आणि 'सीएमडीलाइन' फाइलमध्ये 'आयसोल-सीपीयूज=३' जोडा.

सावधान: 'सीएमडीलाइन' फाइलमध्ये सगळं एकाच ओळीत असतं. एंटर दाबून नवीन ओळीवर लिहिलेलं बोर्ड वाचत नाही.

आणखी एक अडचण: प्रोग्राम सुडोने, म्हणजे रूटचे (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याचे) अधिकार घेऊन चालवता, तरी फोटो उघडत नाही. लायब्ररी पिना ताब्यात घेतल्यावर सुरक्षेसाठी रूटचे अधिकार सोडून देते, मग तुमच्या होम फोल्डरमधली फाइल तिला वाचता येत नाही. फोटो आणि फॉन्ट पॅनल सुरू करण्याआधी लोड करा, किंवा सगळ्यांना वाचता येईल अशा फोल्डरमध्ये ठेवा.

## टप्पा ८: साखळी पुन्हा जोडा

एक पॅनल स्वच्छ चाललं की दुसरं जोडा, सहा पडदे बघा. मग तिसरं, मग चौथं. बिघाड तिसऱ्यापासून सुरू झाला तर संशयित तीन: दुसऱ्याचा बाहेरचा सॉकेट, मधली रिबन, तिसऱ्याचा आतला सॉकेट. वीज बंद करून दुसऱ्या आणि तिसऱ्या पॅनलची अदलाबदल करा. बिघाड पॅनलबरोबर हलला तर पॅनल बाद. त्याच जागी राहिला तर रिबन किंवा वीज.

रिबनचा कनेक्टर दाबताना एखादी तार नीट टोचली जात नाही. मीटरने सोळाही तारा टोकापासून टोकापर्यंत तपासा, आणि तपासताना रिबन हलवत राहा.

## टप्पा ९: मराठी अक्षरं

फलक शाबूत, पण "मिरज" च्या जागी "मरिज" दिसतं आणि "कृष्णा" मधला ष आणि ण पाय मोडून वेगळे पडतात. हा पॅनलचा बिघाड नाही. लायब्ररीचं अक्षर लिहिण्याचं काम एकेक चिन्ह ओळीने मांडतं. वेलांटी अक्षराच्या आधी न्यायची आणि जोडाक्षर करायचं हे त्याला माहीत नाही.

मजकूर आधी चित्र म्हणून तयार करा. पायथनच्या पिलो लायब्ररीत राकम हे मांडणीचं इंजिन असेल तर वेलांट्या, रफार, जोडाक्षरं बरोबर बसतात. मग ते चित्र पॅनलवर पाठवा. चित्र एकरंगी ठेवा, म्हणजे अक्षराच्या कडांना करडे ठिपके येणार नाहीत. कागदावर मऊ दिसणारी कड एलईडीवर घाण दिसते. ३२ ओळींत मराठीच्या दोन रांगा बसतात, पण वर मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार असल्याने १६ ठिपक्यांत अक्षर दाटीवाटीने येतं. रस्त्यावरून वाचायचं असेल तर एकच रांग घ्या.

नदीची पातळी दाखवणार असाल तर हे नक्की करा. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. त्यानुसार रंग बदलणं सोपं आहे. पण आकड्याशेजारी तो कधीचा आहे ती वेळही दाखवा, आणि तुम्ही ठरवाल त्या मुदतीपेक्षा तो जुना झाला तर आकडा काढून आडव्या रेघा दाखवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. अशा दिवसांत इंटरनेट आधी जातं, आणि फलक सकाळचा आकडा दुपारीही दाखवत राहतो. घर सोडायचं की थांबायचं हे कुणीतरी तो आकडा बघून ठरवत असेल. वेळ दाखवायची म्हणून बोर्डाला बॅटरीवरचं घड्याळ, डीएस-३२३१ चं मॉड्यूल, लावा. रास्पबेरी पाय ४ मध्ये स्वतःचं घड्याळ नसतं, वीज जाऊन आली आणि नेट नसेल तर त्याची वेळ चुकते.

## टप्पा १०: पेटी बंद करण्याआधी

प्रोग्राम बोर्ड सुरू होताच आपोआप सुरू व्हावा आणि बंद होताना पडदा पुसून जावा. जबरदस्तीने मारला तर एक ओळ पेटलेली राहते, ते टप्पा ६ मध्ये आलंच. वीज वारंवार जाते तिथे मेमरी कार्डवरचा डेटा खराब होतो, म्हणून काम पूर्ण झाल्यावर बोर्डच्या सेटिंगमधून ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा. मग कार्डवर काही लिहिलं जात नाही. पुढे काही बदलायचं असेल तर ती आधी बंद करायची, नाहीतर बदल रीस्टार्टनंतर गायब होतात.

पेटीत वायर वरून आत घेऊ नका. खालून घ्या आणि आत शिरण्याआधी वायरला खाली झोल ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी झोलावरून गळून जाईल. हवेसाठी भोकं खालच्या बाजूला, जाळीसकट. घरातलं पॅनल काचेमागे ठेवलं तरी पावसाळ्यात ओल धरतं.

आता फलक चोवीस तास टेबलावर चालवा. शेवटी पूर्ण पांढरा पडदा लावून चारही पॅनलवरचे व्होल्ट पुन्हा मोजा आणि आकडे, तारीख, चिपचा नंबर, सगळी सेटिंग एका कागदावर लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. पुढच्या वेळी पेटी उघडली की पहिलं काम: त्याच जागी मीटर लावून कागदावरच्या आकड्याशी ताडून बघायचं.